लोहमार्गाकाठची गावे आणि त्यांचे लौकिक

मध्य रेल्वेच्या लोहमार्गावर ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या पस्तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात ठाणे, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे वसली असून, त्यांपैकी काही एकमेकांना इतकी खेटून आहेत की एकाची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे नवख्या माणसाला स्थानकांच्या पाट्यांवरूनच कळते. तरीही मराठी बोलण्यात या प्रत्येक गावाचा लौकिक स्वतंत्र आहे. ठाणे जुने आणि तळ्यांचे, कल्याण बंदराचे आणि जंक्शनचे, डोंबिवली शिकलेल्या नोकरदारांची, उल्हासनगर सिंधी व्यापाऱ्यांचे आणि नकली मालाचे, अंबरनाथ देवळाचे आणि कारखान्यांचे, अशी ही वाटणी लग्नाच्या बोलणीपासून भाड्याच्या घराच्या शोधापर्यंत सर्वत्र गृहीत धरली जाते. हे लौकिक तिथल्या माणसांच्या स्वभावातून आले, असे मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. या गावांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. प्रत्येक गाव एका विशिष्ट काळी, विशिष्ट कारणाने, विशिष्ट माणसांसाठी खुले झाले. त्या पहिल्या मोठ्या वस्तीचा ठसा गावाच्या नावावर उमटला, आणि पुढे गाव पुरते बदलले तरी तो पुसला गेला नाही.

या पट्ट्यातील सर्वांत जुने नाव कल्याणचे. उल्हास नदी खाडीला मिळते त्या जागी वसलेल्या या बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात, म्हणजे तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती देणाऱ्या खलाशांच्या मार्गदर्शिकेत, आढळतो. कान्हेरीच्या लेण्यांना दाने देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी होते, हे तेथील शिलालेखांवरून स्पष्ट होते, आणि सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशानेही या बंदराची नोंद केली. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि येथील खाडीत गलबते बांधण्यास आरंभ केला. दुर्गाडी किल्ला आजही त्या खाडीच्या काठी उभा आहे. याच काळाशी जोडलेली, कल्याणच्या सुभेदाराच्या पकडून आणलेल्या सुनेला महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याची कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली आणि पुस्तके न वाचणाऱ्यांच्याही तोंडी कल्याणचे नाव तिच्यामुळे राहिले. समकालीन कागदपत्रांत या कथेला आधार मिळत नाही, हे इतिहास-अभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे. गावाचा लौकिक कागदावर कमी आणि सांगोवांगीवर अधिक पोसला जातो, याचे याहून ठळक उदाहरण या पट्ट्यात दुसरे नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ च्या आरंभी थळघाटाचा मार्ग खुला झाल्यावर पुण्याकडचा व नाशिककडचा असे दोन्ही लोहमार्ग कल्याणला फुटू लागले, आणि गाव ‘जंक्शन’ म्हणजे फाट्याचे स्थानक झाले. दख्खनचा माल आता घाट उतरून थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागला, खाडी गाळाने उथळ होत गेली, आणि ज्या पाण्यामुळे कल्याण नावारूपाला आले होते त्याचे महत्त्व एका पिढीत ओसरले. त्यानंतर गावाची दोन अंगे निराळी वाढत गेली. पश्चिमेला पारनाका, टिळक चौक आणि सुभेदारवाड्याच्या परिसरात वाड्यांचे, भिक्षुकांचे आणि वकिलांचे जुने कल्याण राहिले. आनंदीबाई जोशी या भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक; १८६५ मध्ये त्यांचा जन्म याच गावात झाला आणि त्याच्या आदल्या वर्षी, १८६४ मध्ये, येथे सार्वजनिक वाचनालय सुरू झालेले होते. पूर्वेला मात्र इंजिनांची शेड, मालगाड्यांचे यार्ड आणि रेल्वे कामगारांच्या वसाहती पसरल्या. कोळसेवाडी, वालधुनी या भागांची ओळख रेल्वेच्या पाळ्यांनी घडवली. आजही ‘कल्याणचा’ म्हणून ओळख सांगणाऱ्या माणसाला पूर्वेचा की पश्चिमेचा, असे विचारले जाते, आणि त्या प्रश्नामागे दीडशे वर्षांची ही विभागणी आहे.

ठाण्याचे घडणे निराळ्या मार्गाने झाले. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि पुढे त्याचाच तुरुंग झाला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली गेली ती येथेच. जिल्ह्याचे मुख्यालय असल्याने कलेक्टर कचेरी, न्यायालये आणि शाळा यांभोवती कारकून, वकील व शिक्षक यांचा वाचणारा वर्ग जमला, आणि १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी संस्था उभी राहिली ती या वर्गाच्या बळावर. परंतु १९०१ मध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णालयामुळे गावाला दुसरी एक प्रसिद्धी चिकटली. ‘ठाण्याला पाठवणे’ या शब्दप्रयोगाला मराठीत जो अर्थ आला, तो त्या रुग्णालयात दुःख भोगणाऱ्यांवर आणि उपचार करणाऱ्यांवर सारखाच अन्याय करणारा आहे, आणि तो अजूनही सहज वापरला जातो ही लाजिरवाणी गोष्ट आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट ही त्याच्या आद्य औद्योगिक वसाहतींपैकी एक ठरली, आणि ठाणे काही दशके कामगारांचे शहरही झाले. कारखाने गेल्यावर त्या जागांवर मनोरे आले, आणि लौकिकाच्या यादीतून कामगार जवळजवळ नाहीसा झाला.

डोंबिवलीची कथा अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण या गावाचा लौकिक सर्वांत अलीकडचा असूनही सर्वांत पक्का आहे. एकोणिसाव्या शतकात येथे भातशेती आणि खारजमिनी होत्या. खारजमीन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून सोडवलेली शेतजमीन. आगरी शेतकऱ्यांच्या पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली अशा छोट्या गावांचा हा पुंजका होता. लोहमार्ग येथून १८५४ पासून जात असला तरी गावाला त्याचा लाभ पुष्कळ उशिरा झाला. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाल्याने जलद गाड्यांचा मार्ग सरळ झाला, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस ठाकुर्लीजवळच्या चोळा येथील रेल्वेच्या वीजघराची वीज मिळून कल्याणपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. याच दशकात, १९२४ मध्ये, डोंबिवलीचे गणेश मंदिर संस्थान उभे राहिले; म्हणजे नोकरदार वस्तीची सुरुवात तोवर झालेली होती.

या वस्तीला पूर आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्यामागे एक कायदा आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. जुन्या भाडेकरूंना त्याने मोठे संरक्षण मिळाले; परंतु भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे कोणालाच परवडेनासे झाले, आणि रिकामी होणारी खोली ‘पागडी’ देऊनच मिळू लागली. पागडी म्हणजे भाड्याव्यतिरिक्त, पावती न देता, खोलीच्या ताब्यासाठी घेतली जाणारी मोठी रक्कम. गिरगावात वा दादरला दोन खोल्यांत वाढलेल्या चार भावांपैकी धाकट्या तिघांची लग्ने झाली की त्यांना त्याच शहरात भाड्याचे घर मिळणे अशक्य होते, आणि पागडीएवढी शिल्लक शिक्षकाच्या, बँकेतल्या कारकुनाच्या किंवा सचिवालयातल्या टंकलेखकाच्या पगारात साठत नव्हती. बृहन्मुंबईची हद्द १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत वाढली, त्यामुळे तिथपर्यंतच्या जमिनीही महागल्या. हद्दीबाहेर, पण विजेच्या गाडीच्या टप्प्यात आणि स्वस्त मासिक पासाच्या आधारावर, जी पहिली मोकळी गावे होती त्यांत डोंबिवली होती. रेल्वेचा पास अंतराच्या मानाने स्वस्त ठेवण्याच्या धोरणामुळे घराचा खर्च वाचला आणि त्याची किंमत रोजच्या तीन तासांत चुकवावी लागली.

पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि मालकी सदनिकांविषयीचा १९६३ चा कायदा आले. सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे सभासदांनी मिळून जमीन घेऊन इमारत बांधण्याची व ती सामाईक मालकीत चालवण्याची व्यवस्था; एकाच कचेरीतले, एकाच शाळेतले किंवा एकाच जातीतले पंधरा-वीस लोक एकत्र येऊन अशी संस्था काढत. येथे डोंबिवलीच्या लौकिकाचे मूळ सापडते. घर मिळवायला रोख भांडवल कमी आणि नियमित पगार, ओळखीची माणसे, अर्ज-ठरावांचे ज्ञान हीच पात्रता लागत असल्याने, ज्यांच्यापाशी ते होते त्या पांढरपेशा, बहुतांशी ब्राह्मण आणि कायस्थ कुटुंबांचा भरणा आपोआप झाला. त्यांनी शाळा काढल्या, वाचनालये काढली, व्याख्यानमाला चालवल्या. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक येथे राहिले.

या जीवनाची खरी खूण मात्र सभागृहांत नसून स्थानकाबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रांत आहे. घरातली दोन्ही माणसे सकाळी साडेसात-आठची गाडी पकडून रात्री आठला परतू लागल्यावर पोळ्या लाटायला वेळ उरला नाही, तेव्हा गल्लीतल्या दुसऱ्या बाईने त्या लाटून विकायला सुरुवात केली. फलाटावरून उतरून घराकडे वळताना कागदात बांधलेल्या गरम पोळ्या, पाव किलो भाजी आणि आमटीची पिशवी घेणे हा गावाचा नित्यक्रम झाला. एका पिढीच्या नोकरदार स्त्रियांनी मुंबईची कार्यालये चालवली ती या केंद्रांच्या आधारावर, आणि त्या पोळ्या लाटणाऱ्या स्त्रियांचा या शहराच्या घडणीतला वाटा व्याख्यानमालांपेक्षा तिळमात्र कमी नाही.

१९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघाली. ढोल-ताशे, लेझीम, नऊवारीतल्या दुचाकीस्वार मुली आणि संस्थांचे चित्ररथ असे तिचे स्वरूप पुढे गिरगाव, ठाणे, पुणे, नाशिक अशा अनेक ठिकाणी उचलले गेले, आणि आज ती परंपरा फार जुनी असल्यासारखी वाटते. २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नव्वदावे अधिवेशन येथे भरले, तेव्हा ‘सांस्कृतिक नगरी’ या बिरुदावर जणू शिक्का बसला. तथापि हे बिरुद शहराचा एक भागच सांगते. १९६४ पासून गावाच्या पूर्वेला औद्योगिक वसाहत आहे, तेथे रसायने आणि कापडरंगाई यांचे कारखाने आहेत, आणि २०१४ च्या जानेवारीत काही भागांत हिरवट पाऊस पडल्याने व २०१६ च्या मे महिन्यात एका कारखान्यातील स्फोटात अनेक जीव गेल्याने त्या वसाहतीची जाणीव बाहेरच्यांना झाली. तिथे पाळी करणारा कामगार, बांधकामावरचा मजूर आणि ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहिले तो आगरी शेतकरी यांना डोंबिवलीच्या रूढ वर्णनात अजून जागा मिळालेली नाही.

डोंबिवलीहून अवघ्या काही स्थानकांवर असलेल्या उल्हासनगरचा जन्म याच्या अगदी उलट परिस्थितीत झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या दक्षिणेला सैन्याची मोठी छावणी उभारली गेली होती. पूर्वेकडच्या आघाड्यांवर जाणारे सैनिक येथे मुक्काम करीत. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर कराचीहून बोटींनी आलेल्या सिंधी निर्वासितांना सरकारने येथे आणले. पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले, त्यामुळे तेथील निर्वासितांना निदान आपल्या भाषेच्या मुलखात येता आले; सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला, आणि सिंधी माणसाला परतून जायला आपला म्हणावा असा मुलूख भारतात उरला नाही. सुमारे लाखभर माणसे लष्करी बराकींत, म्हणजे सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक एकसलग खोल्यांत, राहू लागली. गोणपाटाचे किंवा साडीचे पडदे लावून एका बराकीत अनेक कुटुंबांचे संसार मांडले गेले. पाणी सामाईक नळाचे, शौचालये सामाईक. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले, तरी ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘कॅम्प नंबर पाच’पर्यंतचे लष्करी पत्ते आजही लिहिले जातात.

या लोकांपाशी शेती नव्हती, सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या स्थानिक ओळखी नव्हत्या, त्यांना मराठी येत नव्हती. पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटे, कापडाचे तुकडे लोकलच्या डब्यांत आणि मुंबईच्या पदपथांवर विकत त्यांनी सुरुवात केली, आणि दिवसा विकलेल्या मालाच्या नफ्यातून रात्री बराकीतच एखादे यंत्र बसवले. १९९१ पूर्वीच्या आयातबंदीच्या काळात परदेशी वस्तूंची हाव मोठी आणि पुरवठा नगण्य होता. भांडवल नसलेल्या, स्वतःचे नाव बाजारात नसलेल्या छोट्या कारखानदाराने त्या वस्तूंसारखी वस्तू स्वस्तात बनवून दिली, यात धंद्याचे साधे गणित होते. ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्यातील यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा किस्सा मग सर्वतोमुखी झाला आणि गावाला नकलीपणाचे नाव कायमचे चिकटले. त्याच गावाने पुढे जीन्स शिवण्याचा, फर्निचरचा आणि कापडाचा घाऊक बाजार उभा केला, हजारो उत्तर भारतीय कारागिरांना आणि मराठी मजुरांना काम दिले, ही बाजू किश्शाच्या मागे राहिली. ज्या गावाने शून्यातून उद्योग उभा केला त्याला केवळ नकलेसाठी ओळखावे, हा लौकिकाच्या राजकारणातला मोठा अन्याय म्हटला पाहिजे.

अनधिकृत बांधकामांची अपकीर्तीही अशीच तपासून पाहावी लागते. पुनर्वसनाच्या जमिनीचे मालकी हक्काचे कागद अनेकांना अपुरे किंवा उशिरा मिळाले. कुटुंबे वाढली तशी बराकीवर मजला चढला, मजल्यावर मजला चढला. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ८५५ इमारती पाडण्याची वेळ आली तेव्हा राज्य सरकारने २००६ मध्ये केवळ या एका शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. कायद्याने प्रश्न मिटला नाही, आणि इमारती कोसळून माणसे दगावण्याच्या घटना पुढेही घडत राहिल्या. त्यात बांधणाऱ्यांची हाव होती, तशीच कागदपत्रांची दशकानुदशके झालेली हेळसांडही होती.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला डोंबिवलीत स्वागतयात्रा निघते आणि त्याला लागूनच उल्हासनगरात सिंध्यांचा देव झुलेलाल याच्या जयंतीचा, चेटीचंडचा, उत्सव होतो. दोन्ही नववर्षाचे सण, दोन्ही गावे एकाच लोकलने जोडलेली. तरी एका गावाच्या सणाची दुसऱ्याला फारशी वार्ता नसते.

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येते. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातले असून तेथील लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, ही मिती आहे. त्याच गावात विसाव्या शतकात रसायनांचा, आगपेट्यांचा कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर शस्त्रनिर्मितीचा सरकारी कारखाना आला, आणि गाव कामगार वसाहतींचे झाले. ज्या वालधुनी नदीच्या काठी हे मंदिर आहे ती पुढे उल्हासनगरातून कल्याणला जाते. अंबरनाथची रसायने आणि उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचे रंगीत पाणी यांनी तिचा नाला केला. बदलापूरचा लौकिक अजून घडतो आहे: डोंबिवलीत घर परवडेनासे झालेल्यांनी ते गाव भरले, आणि २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेल्या या गावाने डोंबिवलीची १९६० नंतरची वाट पुन्हा एकदा, अधिक लांबच्या प्रवासाच्या मोबदल्यात, धरली आहे. खाडीपलीकडच्या भिवंडीला उपनगरी लोहमार्गाच्या मुख्य फाट्याने वगळले. तेथे उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या हातमागांचे यंत्रमाग झाले, परंतु बाहेर तिचे नाव मागांपेक्षा १९७० आणि १९८४ च्या दंगलींसाठी अधिक घेतले गेले.

लौकिक आणि राज्यकारभाराच्या हद्दी यांचा मेळ या पट्ट्यात कधीच बसला नाही. १९८३ मध्ये कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूर यांची, आजूबाजूच्या अनेक खेड्यांसह, एकच महापालिका झाली. नऊ-दहा वर्षांत अंबरनाथ व बदलापूर बाहेर पडले. ज्या २७ गावांना २००२ मध्ये वगळले त्यांना २०१५ मध्ये पुन्हा आत घेतले गेले, आणि त्यानंतरही वाद चालूच राहिला. त्या गावांतल्या आगरी कुटुंबांचा प्रश्न लौकिकाचा नसून जमिनीच्या आरक्षणाचा, घरपट्टीचा आणि पाण्याचा आहे.

या सर्व गावांच्या प्राचीन इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९४७ नंतरच्या इतिहासावर फार थोडे. तो इतिहास गृहनिर्माण संस्थांच्या ठरावपुस्तकांत, बराकींच्या वाटपपत्रांत, जमीन संपादनाच्या नोटिसांत आणि कामगार संघटनांच्या दप्तरांत पडून आहे, आणि इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जाताना ते कागद रद्दीत जात आहेत. उल्हासनगरचे पहिल्या पिढीचे कागद अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत, जी तिथल्या नातवंडांपैकी बहुतेकांना वाचता येत नाही. १८६४ पासून कल्याणला आणि १८९३ पासून ठाण्याला ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्था आहेत. त्यांनी पोथ्या आणि पुस्तके यांच्याबरोबर हे कागदही जमवायला घ्यावेत, आणि ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीवाल्याकडे देण्याआधी जवळच्या वाचनालयात एकदा दाखवावेत.